व्हीएममधला एनव्हीडीए दोन सेकंद उशिरा बोलतो: जुन्या लॅपटॉपवर काही इलाज आहे का?

टकटक

नमस्कार मंडळी. मी पूर्ण अंध आहे, संगणक सगळा एनव्हीडीएच्या, म्हणजे पडद्यावरचं वाचून बोलणाऱ्या स्क्रीन रीडरच्या, भरवशावर चालवतो. प्रश्न लांबलचक आहे. थोडक्यात विचारलं की "रॅम वाढवा" एवढंच उत्तर मिळतं, हा अनुभव असल्यामुळे पहिल्यापासून सांगतो.

लॅपटॉप २०११ सालच्या घडणीचा. दुसऱ्या पिढीचा कोअर आय५-२५२०एम, दोन कोअर, चार थ्रेड, रॅम ८ जीबी, आणि डिस्क जुनी फिरणारी, ५४०० आरपीएमची. होस्टवर, म्हणजे खऱ्या लॅपटॉपवर, विंडोज १० प्रो, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स ७ (संगणकाच्या आत दुसरा खोटा संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर), आणि त्या व्हीएमच्या आत गेस्ट म्हणून पुन्हा विंडोज १०, ६४ बिट. दोन्हीकडे एनव्हीडीए, दोन्हीकडे आवाज ईस्पीक या यांत्रिक आवाजाचा.

व्हीएम कशाला हवी हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. सॉफ्टवेअर आणि वेबसाइट स्क्रीन रीडरला कितपत साथ देतात, हे तपासून देण्याचं काम मी करतो. त्यात अनोळखी इन्स्टॉलर चालवावे लागतात, एनव्हीडीएच्या बीटा आवृत्त्या, कुणीतरी कधीतरी लिहून सोडून दिलेली अ‍ॅड-ऑन्स, साउंड ड्रायव्हरमध्ये हात घालणारी सॉफ्टवेअर. डोळस माणसाच्या संगणकाचा आवाज गेला तर गाणी बंद पडतात. माझा आवाज गेला की संगणकच बंद पडतो, मग पडदा वाचून दाखवणारं कुणी येईपर्यंत नुसतं बसून राहायचं. दोनदा बसलोय. त्यातल्या एका वेळी तर पडद्यावर फक्त "ओके" दाबायचं होतं. तेव्हापासून ठरवलं की मोडतोड करायला वेगळी खोली हवी, ती म्हणजे ही व्हीएम.

आता दुखणं. गेस्टमध्ये खाली जाणारा बाण दाबला की शांतता. मग बऱ्याच वेळाने पुढच्या ओळीचा पहिला शब्द, तोही पत्र्यावर खडे पडावेत तसा तुटक. "नमस्कार" टाइप करताना "न" ऐकू येतो तेव्हा माझं बोट "र"वर पोचलेलं असतं. कधी एकच अक्षर पाच-सहा वेळा उमटतं, कधी इन्सर्ट की (तीच एनव्हीडीएला हुकूम द्यायची "एनव्हीडीए की") दाबलेलीच राहते आणि मग प्रत्येक अक्षर म्हणजे एनव्हीडीएला हुकूम. शिवाय गेस्ट सुरू होत असताना होस्टचा एनव्हीडीएसुद्धा अडखळतो. मला ते जास्त भीतीदायक वाटतं.

मोघम बोलायला नको म्हणून मोजून पाहिलं. फोन कीबोर्डशेजारी ठेवून रेकॉर्डिंग केलं, ऑडॅसिटीत उघडलं, आणि कीच्या खटक्यापासून पहिल्या उच्चारापर्यंतचं अंतर काढलं, दहा-दहा वेळा. होस्टवर सरासरी ०.१२ सेकंद. गेस्टमध्ये १.९. एकदा तर ४ च्या वर गेलं.

गेस्टला रॅम ६ जीबी दिली आहे, प्रोसेसर चारही. ३डी अ‍ॅक्सलरेशन चालू. गेस्ट अ‍ॅडिशन्स टाकलेल्या आहेत. स्नॅपशॉट, म्हणजे मागे परतता यावं म्हणून जतन केलेल्या गेस्टच्या अवस्था, सात, कारण प्रत्येक तपासणीआधी एक घेतो. बायॉसमध्ये व्हीटी-एक्स (व्हीएम वेगाने चालवायची प्रोसेसरची सोय) चालू असल्याचं एका डोळस मित्राने पाहून सांगितलं.

यापेक्षा जास्त काय देऊ त्या गेस्टला?

चकचकीत

राग मानू नका, पण २०११ चा प्रोसेसर. विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी हा प्रोसेसर अधिकृत यादीत बसत नाही. यावर वेळ घालवण्यापेक्षा नवा लॅपटॉप घ्या. रॅम १६, एनव्हीएमई डिस्क, प्रश्न मिटला.

टकटक

राग नाही. पण याच लॅपटॉपवर होस्ट ०.१२ सेकंदात बोलतो. म्हणजे यंत्र म्हातारं असलं तरी बहिरं नाही. नवं यंत्र कधीतरी येईलच, काम मात्र सोमवारपासून आहे. आणि हा कीबोर्ड माझ्या बोटांना पाठ आहे. होम, एंड, पेज अप सगळं वेगळं आणि जागच्या जागी. नव्या बारीक लॅपटॉपांवर त्यातलं निम्मं एफएन कीच्या पोटात गेलेलं असतं.

खटपटी

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर उलटं आहे. गेस्टला जास्त देऊ नका, दिलेलं काढून घ्या. पण ते नंतर. आधी एक संशय आहे तो तपासा.

व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत तळाच्या पट्टीवर उजवीकडे एक छोटं चित्र असतं. नेहमी ती निळसर चिप असते. कधीकधी तिथे हिरवं कासव दिसतं. कासव असेल तर व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरचं व्हीटी-एक्स थेट मिळत नाहीये, ते आधीच हायपर-व्हीने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या व्हीएम चालवणाऱ्या थराने, धरून ठेवलंय, आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्याकडून उसनं मागून काम भागवतोय. चालतं, पण कासवासारखंच. बायॉसमध्ये व्हीटी-एक्स चालू आहे एवढ्याने हे कळत नाही. चालू आहेच, फक्त दुसऱ्याच्या हातात आहे.

आता कासव तुम्हाला दिसणार नाही, पण तीच गोष्ट लॉगमध्ये शब्दांत लिहिलेली असते. गेस्ट एकदा सुरू करून बंद करा. मग मॅनेजरमध्ये त्या मशीनवर मेनू उघडून "शो लॉग" घ्या, किंवा मशीनच्या फोल्डरमधल्या "लॉग्ज"मधली पहिली फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि शोधा: एस, एन, ए, आय, एल. स्नेल. "स्नेल एक्झिक्यूशन मोड इज अ‍ॅक्टिव्ह" अशी ओळ सापडली तर रोग सापडला. चित्रात कासव आणि लॉगमध्ये गोगलगाय का, ते मला विचारू नका.

सापडलीच, तर आठवून पाहा: कधी डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकलं होतं का? विंडोज सँडबॉक्स? "कोअर आयसोलेशन"मधलं "मेमरी इंटेग्रिटी"? यातलं काहीही चालू असलं की हायपर-व्हीचा थर विंडोजच्या खाली जाऊन बसतो. तो थांबवायला कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि लिहा: बीसीडीएडिट, जागा, स्लॅश सेट, जागा, हायपरव्हायजरलाँचटाइप हा सगळा एक शब्द, जागा, ऑफ. नंतर "रिस्टार्ट"च करा, "शटडाउन" नको. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, झोपवून ठेवला जातो, नव्याने सुरू होत नाही, आणि बदल लागूच होत नाही. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

मेमरी इंटेग्रिटी चालू असेल तर ती सेटिंगमधून वेगळी बंद करावी लागेल. ती सुरक्षेसाठी असते, हे लक्षात ठेवूनच बंद करा.

टकटक

सापडली! गोगलगाय सापडली. लॉगमध्ये तीन ओळी त्याच विषयावर आहेत, इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना मी महिनाभर डोकं आपटत होतो.

डब्ल्यूएसएल २ मीच टाकलं होतं, एका स्क्रिप्टसाठी, मागच्या वर्षी. विसरूनही गेलो होतो. ते लिनक्स डब्ल्यूएसएल १ वर उतरवून घेतलं (त्याला व्हीएम लागत नाही, माझी स्क्रिप्ट त्यावरही चालते), मग कमांड दिली, रिस्टार्ट केलं.

पुन्हा दहा वेळा मोजलं: ०.९ सेकंद. निम्म्याहून खाली. पण ०.९ म्हणजेसुद्धा प्रत्येक बाणानंतर थांबणं आलंच. आणि होस्ट अजून अडखळतो, गेस्ट सुरू होताना तर फारच.

डिस्ककाका

टकटक, होस्ट का अडखळतो हे तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. ८ मधले ६ जीबी गेस्टला. उरले २. त्यात होस्टचं विंडोज, एनव्हीडीए, अँटिव्हायरस आणि खुद्द व्हर्च्युअलबॉक्स. मावत नाही म्हटल्यावर विंडोज मेमरीतली पानं डिस्कवर टाकायला लागतं, आणि डिस्क कुठली, तर ५४०० आरपीएमची. सेकंदाला ९० फेरे. हवा तो तुकडा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, वर डोकं इकडून तिकडे सरकायला दहा-बारा. विखुरलेली वाचनं असतील तर सेकंदाला साठ-सत्तरच्या पुढे ती जात नाही. या एका डोक्यासाठी दोन विंडोज भांडतायत. होस्टच्या एनव्हीडीएला पुढचं वाक्य उचलायचंय आणि त्याच क्षणी गेस्टला अपडेट शोधायचंय.

म्हणून गेस्टला ३ जीबी, फार तर साडेतीन. प्रोसेसर दोन. चार थ्रेड म्हणजे चार कोअर नव्हेत; चारही दिलेत तर होस्टच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये या पट्ट्यांना हिरवा आणि लाल भाग असतो, डोळस माणूस लाल दिसला की मागे सरकतो. तुम्हाला फक्त आकडा ऐकू आला असणार, आणि आकडा मोठा म्हणजे चांगला असं कुणालाही वाटेल.

स्नॅपशॉट सात! प्रत्येक स्नॅपशॉटनंतर नवी फरकाची फाइल तयार होते. गेस्टने एखादा तुकडा मागितला की तो सात-आठ फाइलींपैकी कुठल्या फाइलमध्ये आहे त्याप्रमाणे डिस्कच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत धावाधाव. एक ठेवा, स्वच्छ अवस्थेतला. बाकीचे व्हर्च्युअलबॉक्समधूनच डिलीट करा, म्हणजे ते एकमेकांत मिसळले जातील. एक्सप्लोररमध्ये जाऊन फाइली हाताने उडवू नका, नाहीतर गेस्ट कायमचा जाईल. मिसळायला पुष्कळ वेळ लागतो आणि डिस्कवर मोकळी जागाही लागते. रात्री लावून झोपा.

होस्टच्या अँटिव्हायरसला सांगा की व्हीएमच्या फोल्डरकडे बघू नकोस. गेस्टमध्ये विंडोज सर्चचं इंडेक्सिंग बंद करा, तपासणीच्या मशीनला ते काय करायचंय.

हे सगळं झाल्यावर जमलं तर साटा एसएसडी बसवा. अडीच इंची डिस्कच्या जागी तीच बसते. जुन्या साटावर तिचा वरचा वेग मिळत नाही म्हणून लोक नाक मुरडतात. मुरडू दे. आपल्याला वरचा वेग नकोच आहे, डोकं सरकण्याची वाट बघणं थांबायला हवं, आणि एसएसडीला डोकंच नसतं.

खटपटी

काकांच्या म्हणण्यात एक जोड. होस्टचा पॉवर प्लॅन कुठला आहे? "पॉवर सेव्हर" असेल तर व्हीएमचे हाल होतात.

आणि ३डी अ‍ॅक्सलरेशन बंद करा, तुम्हाला चित्राचा उपयोग नाही.

चकचकीत

३डी बंद केलं तर विंडोज १० तेच रंगकाम प्रोसेसरकडून करून घेतं. डेस्कटॉपचं कंपोझिशन बंद होत नाही, फक्त कामगार बदलतो. दोन कोअरच्या यंत्रावर ते आणखी महाग पडेल. पूर्ण बंद करण्यापेक्षा कामच कमी करा: गेस्टचं रेझोल्यूशन १०२४ गुणिले ७६८, ट्रान्सपरन्सी आणि अ‍ॅनिमेशन बंद.

टकटक

चकचकीत, तुम्ही नवा लॅपटॉप सोडून काही बोलाल असं वाटलं नव्हतं, आभार. ३डी चालू ठेवून आणि बंद करून दोन्ही मोजलं, माझ्याकडे फरक पकडण्याइतका नाही. रेझोल्यूशन आणि अ‍ॅनिमेशन कमी केल्याचा थोडा झाला, विशेषतः स्टार्ट मेनू उघडताना.

पॉवर प्लॅनची गोष्ट सांगायला लाज वाटते. पॉवर सेव्हर होता, आणि त्यात "मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट" मी स्वतः ५० टक्क्यांवर आणून ठेवली होती. कारण पंखा. हा पंखा जोरात फिरायला लागला की ईस्पीकचे "स" आणि "श" त्यात बुडून जातात. म्हणून मीच प्रोसेसरचा गळा दाबला आणि मग तो बोलत का नाही म्हणून तक्रार करत बसलो. १०० वर नेलं. पंखा ओरडायला लागला. मग मित्राच्या मदतीने मागचं झाकण उघडून धूळ काढली; गोधडीचा तुकडा निघावा तसा थर निघाला. आता पंखा फिरतो पण किंचाळत नाही, आणि मी हेडफोन लावतो.

स्नॅपशॉट मिसळायला रात्रभर आणि सकाळचे दोन तास लागले. रॅम ३ जीबी केली, प्रोसेसर दोन. होस्टचं अडखळणं जवळजवळ गेलं. नंतर एसएसडी बसवली, क्लोन करून. गेस्ट सुरू होऊन बोलता व्हायला आधी सहा-सात मिनिटं घ्यायचा, आता पन्नासेक सेकंद.

आणि तरीही मोजमाप ०.६! इथे अडलोय. गेस्टमध्ये टास्क मॅनेजर पाहिला, प्रोसेसर १५-२० टक्के, डिस्क शांत. कुणीच काही करत नाहीये आणि तरी अर्धा सेकंद जातोय. खरखरही पूर्ण गेलेली नाही.

वाचा

उशिरा येतेय, पण शेवटचा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. मीही एनव्हीडीएवालीच, माझं यंत्र तुमच्यापेक्षा फार तरुण नाही.

तो अर्धा सेकंद कुठे जातो ते एनव्हीडीएच सांगेल. गेस्टच्या एनव्हीडीएमध्ये जनरल सेटिंगमध्ये लॉग लेव्हल "इनपुट/आउटपुट" करा, पाच-सहा वेळा बाण दाबा, मग लॉग व्ह्यूअर उघडा. प्रत्येक की दाबल्याची ओळ आणि "स्पीकिंग" अशी ओळ, दोन्हींच्या पुढे मिलिसेकंदापर्यंत वेळ असते. त्या दोन वेळांमधलं अंतर म्हणजे गेस्टने विचार करायला घेतलेला वेळ. रेकॉर्डिंगमध्ये जे जास्तीचं येतं, त्यातला बहुतेक वेळ आवाज बाहेर पडण्याच्या वाटेवर गेलेला. लॉगमध्ये "वॉचडॉग" आणि "फ्रीझ" असे शब्द वारंवार दिसले तर मात्र गेस्ट अजूनही दमतोय असं समजा.

माझा अंदाज: विचार लवकर होतोय, आवाज वाटेत अडकतोय. ईस्पीकने बनवलेला आवाज गेस्टच्या विंडोजला जातो, तिथून खोट्या साउंड कार्डला, तिथून व्हर्च्युअलबॉक्सला, तिथून होस्टच्या विंडोजला, मग खऱ्या कार्डला. प्रत्येक टप्प्यावर बफर, म्हणजे आवाज थोडा साठवून मग पुढे सोडायची जागा. एक टप्पा वेळेवर भरला नाही की तीच तुमची खडे पडल्यासारखी खरखर. गाणं ऐकणाऱ्याला हा उशीर कळतही नाही, कारण गाणं सुरू होताना एकदाच होतो. आपल्याला तो प्रत्येक कीला भरावा लागतो.

म्हणून मी आवाज व्हीएममध्ये बनवतच नाही. गेस्टने फक्त मजकूर पाठवायचा, बोलायचं होस्टच्या एनव्हीडीएने. एनव्हीडीए २०२५.१ पासून रिमोट अ‍ॅक्सेस आतच आलाय, वेगळं अ‍ॅड-ऑन लागत नाही. दोन्हीकडे ती किंवा नंतरची आवृत्ती हवी. होस्टवर टूल्स मेनूतून रिमोट, कनेक्ट; सर्व्हर स्वतःच चालवायचा पर्याय निवडा, "दुसरा संगणक नियंत्रित करा" निवडा, पोर्ट ६८३७ तसाच ठेवा, एक की ठरवा. की म्हणजे पासवर्डच समजा, १२३४ नको. विंडोजचा फायरवॉल परवानगी विचारेल. गेस्टमध्ये "या संगणकाचं नियंत्रण करू द्या", आणि पत्ता १०.०.२.२. व्हर्च्युअलबॉक्सचं नेहमीचं नॅट नेटवर्क असेल तर गेस्टला होस्ट सहसा याच पत्त्यावर भेटतो. इंटरनेटवरच्या कुठल्याही सर्व्हरची गरज नाही.

मग होस्टवर एनव्हीडीए की, ऑल्ट आणि टॅब. त्यापुढे तुमच्या कीज गेस्टला जातात आणि बोलणं होस्टच्या आवाजात येतं, होस्टच्या वेगाने. तीच जोडणी पुन्हा दाबली की परत घरी. गेस्टच्या एनव्हीडीएचा सिंथेसायझर (आवाज बनवणारा भाग) "नो स्पीच" करा म्हणजे दोघं एकदम बोलणार नाहीत. पण साउंड कार्ड काढून टाकू नका, कधी जोडणी तुटली तर आत तोंड हवंच.

गेस्ट "हेडलेस" सुरू करता येतो, म्हणजे त्याची खिडकीच उघडत नाही. आपल्याला खिडकी नकोच असते.

आणि ती इन्सर्ट की अडकण्याची भानगड: तुमच्या दोन्ही एनव्हीडीएंना तीच इन्सर्ट हवी असते. रिमोटने गेलात तर हा झगडा उरत नाही. कधी व्हीएमच्या खिडकीत थेट जावं लागलं तर तिथे होस्टच्या एनव्हीडीएला स्लीप मोडमध्ये टाका, डेस्कटॉप लेआउटमध्ये एनव्हीडीए, शिफ्ट, एस. तो फक्त त्या प्रोग्रामपुरता झोपतो.

खटपटी

लिनक्स गेस्ट असेल तर याहून सोपं. गेस्टमध्ये आवाज, डेस्कटॉप काहीच टाकू नका, फक्त एसएसएच सर्व्हर, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून मजकुराने आत येण्याची सोय. नॅटमध्ये होस्टचा पोर्ट २२२२ गेस्टच्या २२ कडे वळवा आणि होस्टच्या कमांड प्रॉम्प्टमधून आत जा. गेस्टला १ जीबी पुष्कळ होते आणि वाचतो होस्टचाच स्क्रीन रीडर.

टकटक

वाचाताई, लॉग पाहिला. की ते "स्पीकिंग" अंतर सरासरी ०.१४ सेकंद. रेकॉर्डिंगमध्ये ०.६. म्हणजे साडेचार दशांश नुसते त्या पाइपात. गेस्ट बिचारा केव्हाच बोलून मोकळा झालेला असायचा आणि मी त्यालाच शिव्या देत होतो.

रिमोट जोडलं. पहिल्यांदा जोडलंच जात नव्हतं, कारण फायरवॉलच्या प्रश्नाला मी एस्केप मारला होता. परवानगी दिल्यावर जोडलं. मोजलं: ०.२१. दहाच्या दहा वेळा ०.२ च्या आसपास, आणि खरखर नाही. आता मी गेस्टमध्ये आहे की होस्टवर हेच विसरतो. काल होस्टवरच एका बीटाचा इन्स्टॉलर चालवणार होतो, शेवटच्या क्षणी थांबलो. म्हणून आता गेस्टच्या डेस्कटॉपवर पहिला आयकॉन "तू खोलीत आहेस" नावाचा रिकामा फोल्डर ठेवलाय. विंडोज आणि डी दाबलं, मग होम दाबलं की कळतं.

एक अडचण उरली. गेस्ट रिस्टार्ट झाला की लॉगिन होईपर्यंत रिमोट जोडलेलं नसतं. हेडलेसमध्ये तो कुठे अडलाय हे कळायला मार्ग नाही.

वाचा

मोडतोडीचीच खोली आहे ना, आत खासगी काही नाही? मग लोकल अकाउंट करून "नेटप्लविझ"मधून आपोआप लॉगिन लावा, आणि गेस्टच्या रिमोट सेटिंगमध्ये एनव्हीडीए सुरू होताच आपोआप जोडण्याचा पर्याय. मी तसंच केलंय.

अडलाच, तर मॅनेजरमधून त्याची खिडकी "शो" करून समोर आणा, आणि होस्टच्या एनव्हीडीएने, झोपवला असेल तर उठवून, एनव्हीडीए आणि आर दाबा. विंडोजचं ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारी सोय) त्या खिडकीचं चित्र वाचून दाखवतं. गेस्टमध्ये आवाज नसला, विंडोज सुरूही झालं नसलं तरी अक्षरं असली की वाचतं. अक्षरं चुकतात अधूनमधून, पण "ओके दाबा" एवढं कळायला पुरतं. त्यासाठी तरी कुणाची वाट बघत बसू नका.

टकटक

आपोआप लॉगिन लावलं. आज गेस्ट रिस्टार्ट केला तर दहा मिनिटं गप्प. खिडकी समोर आणली, एनव्हीडीए-आर दाबलं. "वर्किंग ऑन अपडेट्स, ३४ टक्के, डोन्ट टर्न ऑफ युअर कॉम्प्युटर."

तसाच ठेवलाय.